वाचक विचारतात : पालकांच्या ग्रुपवरची थट्टा, रुसवे आणि अडीअडचण

या सदराकडे एरवी अभ्यास, खाणेपिणे आणि मुलांचा हट्टीपणा यांविषयी पत्रे येतात. या वेळी मात्र खानापूरपासून निपाणीपर्यंतची सहा पत्रे एकाच विषयाभोवती फिरत असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पालकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यांवर चालणारी थट्टामस्करी आणि त्याच ग्रुपांवर मिळणारी मदत, असा तो विषय आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

सप्रेम नमस्कार, बाई. माझे माहेर चंदगड तालुक्यातले आणि सासर खानापूर तालुक्यातले. मुलगी मराठी शाळेत तिसरीत आहे. गेल्या वर्षी कन्नडच्या शिक्षिकांनी शाळेच्या ग्रुपवर रोमन अक्षरांत अभ्यास पाठवला. शब्द होता 'ओदु', म्हणजे वाच. मला जे चार कन्नड शब्द येत होते त्यांत 'ओडु', म्हणजे पळ, हा एक असल्यामुळे मी तोच समजले आणि मुलीला अंगणात तीन फेऱ्या पळायला लावल्या. दुसऱ्या दिवशी ही फजिती मी इतर आयांना सांगितली. तेव्हा आम्हा 21 पालकांचा वेगळा ग्रुप झाला आणि त्याचे नाव 'ओडु ओडु' पडले. त्यावर दिवसभर चेष्टा चालते; कोणी डब्याची करते, कोणी स्वतःच्या वजनाची. यजमान म्हणतात, हा वेळेचा निव्वळ चुराडा आहे. मलाही कधीकधी तसे वाटते. ग्रुप सोडावा का?
— एक आई, खानापूर तालुका

तीन फेऱ्या विनातक्रार मारल्याबद्दल प्रथम तुमच्या लेकीचे कौतुक करते. चूक तुमची नव्हतीच. रोमन अक्षरांत 'द' आणि 'ड' एकाच चिन्हाने लिहितात, त्यामुळे वाचायला सांगितले आहे की पळायला, हे ज्याला आधीच कन्नड येते त्यालाच कळते.

ग्रुप सोडू नका, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. 2015 च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानुसार कर्नाटकातील सर्व शाळांमध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक झाले. मुले वर्गात बसून ती शिकतातच, अनेकदा झपाट्याने शिकतात. पण सीमेपलीकडून सून म्हणून आलेल्या आईपुढे संध्याकाळी एकदम 'कागुणित', म्हणजे आपली बाराखडी, आणि अक्षराच्या पोटाखाली लटकणारे 'ओत्तक्षर' येऊन उभे राहते. त्यातच आपल्या लिपीत नसलेला एक भेद तिथे आहे. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी वेगवेगळी अक्षरे आहेत. 'एरडु' म्हणजे दोन यातला 'ए' ऱ्हस्व, तर 'एळु' म्हणजे सात यातला दीर्घ. मराठी डोळ्याला हा भेद दिसतच नाही, त्यामुळे आई वहीत 'बरोबर' अशी खूण करते आणि शाळेत त्याच शब्दाखाली लाल रेघ येते. अशी रेघ दोनदा आली की आई शिक्षिकांना विचारायला बिचकते, कारण मुलाबरोबर आपलेही अज्ञान उघडे पडेल असे तिला वाटते.

तुमच्या ग्रुपवर मात्र ही भीती पहिल्याच दिवशी हसण्यावारी गेली. ज्या बाईने 'मी मुलीला पळवले' असे स्वतःहून सांगितले, तिला रात्री साडेनऊ वाजता 'हे ओत्तक्षर कुठे जोडायचे?' असे विचारायला काय संकोच वाटणार? आणि तिच्यामुळे इतर 20 जणांनाही तो उरत नाही. ग्रुपवर आधी थट्टा नसती, तर हा प्रश्न कोणी विचारला नसता. शाळेचा अधिकृत ग्रुप आठवून पाहा : सूचना येते, तिच्याखाली नमस्काराच्या हातांची रांग लागते, आणि ज्याला सूचना समजलेली नसते तोही हात जोडून मोकळा होतो.

मी स्वतः अनेक वर्षे वर्गावर होते. त्या काळी हेच काम पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात चाले. एका छत्रीखाली तिघी आया उभ्या राहत, एकीच्या पिशवीतली मेथी दुसरी निवडून देई आणि त्या बोलण्यातूनच कोणाच्या मुलाला गोवर आला आहे, कोणाला पुस्तके हवी आहेत, हे आम्हा शिक्षकांच्या आधी त्यांना कळत असे. तो व्हरांडा आता रिक्षांनी आणि शाळेच्या गाड्यांनी रिकामा केला आहे.

यजमानांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. 21 माणसे दिवसभर बोलत असतील तर फोन सारखा वाजणारच. ग्रुप म्यूट करून ठेवा, दुपारी एकदा आणि रात्री जेवणे झाल्यावर एकदा उघडा, आणि ज्याला खरेच तातडीचे काही विचारायचे आहे त्याने सरळ फोन करावा असे सर्वांनी ठरवून घ्या. आणि यजमानांना आठवड्यातून एक दिवस कन्नडचा गृहपाठ स्वतः घ्यायला सांगा. ते तिसऱ्या दिवशी तुम्हाला ग्रुपवर काहीतरी विचारायला लावतील, असा माझा अंदाज आहे.

जाता जाता, 'एळु' या शब्दाचा 'ऊठ' असाही अर्थ होतो. सकाळी सात वाजता मुलीला हाक मारताना एकाच शब्दात वेळही सांगून होते आणि आज्ञाही. ग्रुपवर हे अद्याप कोणाला सुचले नसेल तर माझ्याकडून सांगा.

माझ्या पत्नी परिचारिका आहेत आणि त्यांच्या पाळ्या बदलत असल्यामुळे मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर मी असतो. मी यंत्रमागावर काम करतो. ग्रुपवर 17 आया आणि मी एकटा पुरुष. सगळ्या मला 'भाऊजी' म्हणतात, माझ्या हातच्या चौकोनी चपात्यांवरून चिडवतात, आणि मलाही ते आवडते. मागाच्या खडखडाटात व्हॉइस मेसेज ऐकू येत नाहीत, म्हणून माझ्यासाठी त्या सर्व काही लिहून पाठवतात. माझा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यापैकी एक जण गेले काही दिवस मला स्वतंत्रपणे, रात्री उशिरा, घरातल्या दुःखाविषयी लिहितात. त्यांचा हेतू वाईट नाही, त्यांना झोप लागत नाही. उत्तर द्यावे की नाही, हे मला समजत नाही.
— एक वडील, वडगाव, बेळगाव

चपातीचा आकार आणि तिची चव यांचा काही संबंध नाही, हे 17 जणींना माझ्या वतीने कळवा.

तुमच्यासाठी सर्व काही लिहून पाठवण्याची तसदी घेणाऱ्या बायका तुमच्या मैत्रिणी आहेत, आणि त्यांच्यापैकी एक अडचणीत असेल तर उत्तर न देणे हा निर्दयपणा ठरेल. मात्र रात्रीच्या एकांतात, दोघांपुरते चालणारे उत्तर हा तिला दिलेला आधार नव्हे. त्यात तुम्ही अडकाल, तिची बदनामी होण्याची भीती निर्माण होईल, आणि तिचे दुःख आहे तिथेच राहील. म्हणून दोन गोष्टी करा. पहिली म्हणजे पत्नीला आजच सारे सांगा. त्या परिचारिका आहेत. न झोपणाऱ्या माणसाशी कसे बोलावे हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक कळते. त्यानंतर त्या बाईंना दिवसाउजेडी लिहा की, 'ताई, तुमचे बोलणे मी मनावर घेतले आहे, पण मला यातले पुरेसे कळत नाही. माझी पत्नी तुम्हाला उद्या फोन करील, चालेल ना?' 'ताई' हा शब्द गाळू नका. आपल्याकडे नात्याच्या एका शब्दाने पुष्कळ गोष्टी जागच्या जागी बसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे 14416 हा क्रमांक त्यांना द्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते, आणि तिथे कन्नडप्रमाणे मराठीतही बोलता येते. घरात मारहाण होत असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघत असेल, तर संकोच न करता त्याच क्षणी त्यांच्या माहेरच्या माणसाला आणि पोलिसांना कळवा. अशा वेळी 'मी कोणाला सांगणार नाही' असे वचन दिले असेल तरी ते मोडा.

आयांच्या ग्रुपवर असता म्हणून भावकीत कोणी हसत असेल तर हसू द्या. मागावरचा धोटा आणि कांडी सांभाळून जो मुलाच्या वर्गाचा अभ्यासही सांभाळतो, त्याला लाज वाटण्यासारखे यात काही नाही.

माझा मुलगा चौथीत आहे. परिसर अभ्यासाच्या चाचणीत 'गाय आपल्याला काय देते?' असा प्रश्न होता. त्याने लिहिले, 'गाय आपल्याला रस्ता देत नाही.' मला इतके हसू आले की मी उत्तरपत्रिकेचा फोटो ग्रुपवर टाकला. सर्वांनी खूप कौतुक केले. पण कोणीतरी घरी मोठ्याने वाचून दाखवले असावे, कारण दोन दिवसांनी वर्गातली मुले त्याला 'रस्ता' म्हणू लागली. आता तो मला वही दाखवत नाही, आणि दप्तर उघडले तर रडतो. फोटो काढून टाकला तर प्रश्न सुटेल का?
— एक आई, टिळकवाडी

या सहा पत्रांत मला सर्वाधिक अस्वस्थ करणारे पत्र हेच आहे, आणि त्याचे कारण असे की मीही त्या फोटोवर हसले असते.

आधी फोटोविषयी बोलू. पाठवलेला मेसेज सर्वांच्या फोनमधून पुसण्याची मुदत दोन दिवसांहून थोडी अधिक असते. ती टळली की तो तुमच्या फोनमधून जातो, इतरांच्या नाही. मुदतीत पुसला तरी ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच साठवला गेला आहे त्यांच्याकडे तो राहतोच. म्हणून यंत्रावर विसंबू नका. ग्रुपवर चार ओळी लिहा : फोटो टाकणे ही माझी चूक होती, मुलाला त्याचा त्रास होत आहे, कृपया सर्वांनी तो काढून टाकावा आणि घरी मुलांना ते नाव घेऊ नका असे सांगावे. ज्या ग्रुपने मनापासून हसण्यात साथ दिली, तो यातही साथ देईल. नाही दिली, तर तो ग्रुप कसला आहे हे तुम्हाला कळेल.

यानंतरचे काम अवघड आहे, कारण ते घरात करायचे आहे. मुलाला जवळ घेऊन 'अरे, गंमत होती' असे म्हणू नका. त्याच्या दृष्टीने ती गंमत नव्हती; त्याने प्रश्नाचे खरे उत्तर लिहिले होते. टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटजवळ फाटक उघडल्यावर आधीच खोळंबलेल्या वाहनांच्या मधोमध एखादी गाय उभी राहिली की काय होते, हे त्याने रोज शाळेला जाताना पाहिलेले असणार. मी तपासनीस असते तर अर्धा गुण दिला असता, आणि शेजारी 'निरीक्षण चांगले' असे लिहिले असते. त्याला तुम्ही असे सांगा : 'तुझे उत्तर खरे होते. मी ते तुला न विचारता दुसऱ्यांना दाखवले, हे चुकले. यापुढे तुझी वही तुझ्या परवानगीशिवाय कोणाला दाखवणार नाही.' आणि मग ते वचन पाळा; त्याला ते खरे वाटायला आठवडे लागतील. वर्गशिक्षिकांनाही खासगीत सांगून ठेवा. वर्गात चिकटलेले नाव शिक्षिकेनेच सोडवावे लागते, आईने फाटकाशी उभे राहून मुलांना रागे भरल्यास ते अधिक घट्ट चिकटते.

पहिल्या पत्रातल्या खानापूरच्या बाईंची गोष्ट आणि तुमची गोष्ट दोन्ही हसू आणणाऱ्याच आहेत. त्यांनी स्वतःची फजिती सांगितली, तुम्ही मुलाची सांगितलीत, एवढाच फरक आहे. आपल्या फजितीचे मालक आपण असतो. मुलाची फजिती त्याची असते, ती आपल्या घरात घडली असली तरी. चौथीतल्या मुलाला विचारले तर अनेकदा तो स्वतःच 'टाक की' म्हणेल, आणि मग वर्गात तीच गोष्ट तो मिरवील.

आमच्या सूनबाईंच्या ग्रुपवर रात्री-बेरात्री कोणीही मुलांना औषधे सुचवते. नातवाला जुलाब झाले तेव्हा एकीने कुठलेसे सिरप सांगितले आणि सूनबाई ते आणायला निघाल्या. मी अडवले तर घरात वाद झाला. माझे चुकले का?
— एक आजी, निपाणी

आजी, तुमचे चुकले नाही. जुलाबात आधी ओआरएस : मोठे पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण घालायचे, अर्धे-अर्धे नाही, आणि घोट घोट पाजायचे. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडले किंवा सारखी उलटी होऊ लागली तर लगेच डॉक्टर गाठायचा. सर्दी-खोकल्याच्या काही मिश्र औषधांबाबत तर डिसेंबर 2023 मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी, चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा बाटलीवर छापण्याचे निर्देश दिले आहेत. दुसऱ्याच्या मुलाला लागू पडले म्हणून आपल्याला चालते, असे नसते.

सूनबाईंना मात्र ग्रुप बंद करायला सांगू नका. रात्री बारा वाजता कोणता दवाखाना उघडा आहे, कोणाची गाडी मिळेल, धाकट्याला तोवर कोण सांभाळील, हे सारे त्याच बायकांना विचारावे. औषध तेवढे विचारू नये.

बाई, मी गुन्हा कबूल करतो. जुलैत पाऊस झोडपत होता, रोज पहाटे ग्रुपवर 'आज सुट्टी आहे का?' हा एकच प्रश्न. मी आदल्या वर्षीच्या सुट्टीच्या आदेशावरची तारीख मोबाईलवर बदलून गमतीने टाकली. पाच मिनिटांत 'गंमत केली' असे लिहिलेही, पण तोवर तो आदेश दुसऱ्या तीन ग्रुपांवर गेला होता. चार मुले घरी राहिली आणि त्यांची चाचणी बुडाली. आता मला कोणी बोलत नाही. काय करू?
— एक वडील, जांबोटी परिसर

तुमच्या प्रांजळपणाबद्दल आदर आहे, पण सहानुभूती फारशी नाही. तुमच्या भागात पाऊस ही थट्टेची बाब नव्हे. कणकुंबीकडे ओढे भरले की पोराला घराबाहेर काढावे की नाही, याचा निर्णय आई त्या एका कागदावर घेते. आज तुम्ही नसलेली सुट्टी दिलीत. ज्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांचा खरा आदेश येईल त्या दिवशी लोक 'पुन्हा याचीच गंमत' म्हणून मुलांना पाठवतील, हा खरा धोका आहे. शिवाय सरकारी आदेशात फेरफार करणे हा कायद्याच्या भाषेतही विनोद होत नाही. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको.

स्पष्टीकरण नेहमी मागे पडते, कारण अफवा पुढे पाठवण्यात लोकांना जी हौस असते ती 'ते खोटे होते' हे पाठवण्यात नसते. तेव्हा ग्रुपवर पुन्हा माफी मागण्यापेक्षा त्या चार घरी स्वतः जा, आणि मुख्याध्यापकांना भेटून, चूक माझी आहे, मुलांची चाचणी पुन्हा घ्यावी, अशी विनंती लेखी द्या. त्यानंतर उरलेल्या पावसाळ्यात एक काम अंगावर घ्या : रोज पहाटे शाळेत फोन करून खात्री करायची आणि 'शाळा आहे' किंवा 'शाळा नाही' एवढेच दोन शब्द ग्रुपवर टाकायचे. पहिले आठ दिवस लोक त्यावरही हसतील. सहन करा.

आमच्या ग्रुपवर एक मैत्रीण आहे. मुले आता वेगवेगळ्या शाळांत गेली, तरी आम्ही तीन वर्षे रोज एकमेकींची टर उडवतो. माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिने ओळखीतून रक्तदाता शोधून दिला, पण आम्ही प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो. दिवाळीआधी गणपत गल्लीत पणत्यांच्या गाड्यावर अचानक समोरासमोर आलो. तोंडातून 'तुम्ही' निघाले, दोघी कुंदा या मिठाईच्या दराबद्दल दोन वाक्ये बोललो आणि निघून गेलो. घरी आल्यावर पाहते तो गाडेवाल्याने तिच्या पणत्यांची पिशवी मला दिली होती. त्या दिवसापासून ग्रुपवरही दोघी गप्प आहोत. ही मैत्री खोटी होती का?
— एक आई, शहापूर, बेळगाव

जिने रक्तदाता शोधून दिला तिच्याशी असलेली मैत्री खोटी कशी असेल? लिहिताना माणसाला क्षणभर थांबून चांगला टोमणा शोधता येतो. गणपत गल्लीत दिवाळीच्या गर्दीत, मागून कोणी ढकलत असताना आणि हातात दोन पिशव्या असताना तो सुचत नाही. त्यातून तुम्हाला ज्या व्यक्तीची सवय होती तिला चेहरा नव्हता, आणि एकदम उंची, आवाज, कपाळावरचे कुंकू असलेली एक अनोळखी बाई समोर आली. 'तुम्ही' निघाले ते त्या अनोळखी बाईसाठी. तिच्याही मनात याच वेळी हाच प्रश्न चालू असणार.

पिशवी मुलाच्या हाती पाठवू नका, आणि गाडेवाल्याकडेही परत देऊ नका. आज संध्याकाळी तिला ग्रुपवर नव्हे, स्वतंत्र मेसेज करा : 'तुझ्या पणत्या माझ्याकडे ओलीस आहेत. एकूण 24, त्यांतली एक फुटली आहे. सोडवून न्यायची असेल तर शनिवारी चहाला ये, आणि येताना माझ्या पणत्या घेऊन ये.'